जुनी गाडी स्टार्ट व्हायला त्रास देतेय? पार्ट बदलण्याआधी दोष असा शोधा

जुनी गाडी स्टार्ट व्हायला कुरकुर करू लागली की बहुतेक जण पहिली उडी बॅटरीवर मारतात. नवी बॅटरी बसते, चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) उतरतो, प्लग बदलतात, कॉइल (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदलते. शेवटी दोष निघतो इंजिन आणि बॉडीला जोडणाऱ्या अर्थिंगच्या गंजलेल्या पट्टीत, जी तासाभरात साफ होण्यासारखी होती. चूक कौशल्याची नसते, क्रमाची असते. म्हणून या लेखातले टप्पे जसे दिलेत तसेच, एकामागून एक करा. एका टप्प्याचं उत्तर स्पष्ट मिळाल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका आणि मोजल्याशिवाय काहीही बदलू नका.

हे मार्गदर्शन कार्ब्युरेटरच्या आणि सुरुवातीच्या फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. जुन्या डिझेल गाड्यांसाठी टप्पा ८ वेगळा दिलाय, पण त्याआधीचे १ ते ५ टप्पे त्यांनाही तसेच लागू होतात.

## टप्पा १: त्रास नेमका कोणता, ते ठरवा

"गाडी स्टार्ट होत नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळे दोष लपलेले असतात. तुमचा कोणता, ते आधी पक्कं करा.

अ) चावी फिरवली तरी सेल्फ फिरतच नाही. फक्त टक् आवाज येतो किंवा तोही येत नाही.

आ) सेल्फ फिरतो, पण जड, रडत-रडत.

इ) सेल्फ जोमात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, किंवा खूप वेळ फिरवल्यावर पकडतं.

ई) इंजिन पकडतं आणि दोन-चार सेकंदांत बंद पडतं.

अ आणि आ असेल तर टप्पे ३ ते ५ तुमचे. तिथे प्लग किंवा पेट्रोल पंपाचा विचारसुद्धा करू नका. इ आणि ई असेल तर टप्पा ३ मधलं बॅटरीचं मोजमाप उरकून थेट टप्पा ६ वर या. बॅटरी तरीही मोजायची, कारण सेल्फ फिरताना व्होल्टेज फार खाली गेलं तर स्पार्कला पुरेसा करंट उरत नाही. अशा वेळी सेल्फ ठीक फिरतोय असं कानाला वाटतं आणि इंजिन मात्र पकडत नाही.

त्रास कधी होतो, हेही लिहून ठेवा. रात्रभर उभी राहिल्यावर? इंजिन गरम असताना, पंधरा-वीस मिनिटं थांबून पुन्हा निघताना? फक्त दमट, पावसाळी हवेत? चढावर तोंड करून उभी केल्यावर? गरम असतानाच त्रास असेल तर संशय पेट्रोलच्या वाफेवर, क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर) किंवा तापलेल्या सेल्फवर जातो. दमट हवेतच असेल तर प्लगच्या वायरी आणि त्यांना स्पार्क वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप. हे टिपण पुढे तुमचे तास वाचवतं.

तपासा: दोष हजर असतानाच तपासणी करायची. थंड इंजिनाला त्रास होत असेल तर गाडी आदल्या रात्रीपासून न हलवता सकाळी पहिल्यांदा मीटर लावा. गॅरेजपर्यंत चालवत नेलेल्या गाडीत तो दोष सापडणार नाही, आणि "सगळं ठीक आहे" असं ऐकून तुम्ही परत याल.

## टप्पा २: तयारी

डिजिटल मल्टिमीटर, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, स्पार्क टेस्टर, प्लग पाना, फीलर गेज, तारेचा ब्रश, बारीक पॉलिश पेपर, टॉर्च, बॅटरी चार्जर आणि चावी फिरवायला एक माणूस एवढं जमवा. स्पार्क टेस्टर टाळू नका. प्लग हातात धरून बॉडीला टेकवण्याची पद्धत धोक्याची आहे आणि तिच्यातून कळतंही कमी. गाडीचं वर्कशॉप मॅन्युअल मिळालं तर उत्तम. खाली दिलेले आकडे सर्वसाधारण आहेत, तुमच्या मॉडेलचा आकडा वेगळा असेल तर मॅन्युअलचा खरा माना.

आता दोन मिनिटांच्या गोष्टी. टाकीत पेट्रोल खरंच आहे का पाहा, जुन्या गाडीच्या काट्यावर विसंबू नका. इमोबिलायझर (चावी ओळखूनच इंजिन चालू होऊ देणारी यंत्रणा) असेल तर चावी दिल्यावर त्याचा दिवा विझतो का पाहा, तो लुकलुकत राहिला तर दोष चावीत किंवा रिसीव्हरमध्ये आहे. गाडी महिनोन्महिने उभी असेल तर टाकीतलं पेट्रोल हुंगा. व्हार्निशसारखा आंबूस वास आला तर ते काढून ताजं भरा, मगच पुढे जा.

सावधान: हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, चाकांना अडण लावा. अंगठी, कडं, घड्याळ काढा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून तिच्याजवळ ठिणगी किंवा सिगारेट नको. केबल काढताना निगेटिव्ह आधी काढा, लावताना निगेटिव्ह शेवटी लावा. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने स्पार्कच्या तपासणीच्या वेळी लांब राहावं.

## टप्पा ३: बॅटरी मोजा

गाडी किमान तीन-चार तास बंद असायला हवी. नुकतीच चालवली असेल तर बॅटरीवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर फसवतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा आणि पाच मिनिटांनी मोजा.

मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवर टेकवा, क्लॅम्पवर नाही. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२.० च्या आसपास बॅटरी जवळजवळ उतरलेली आहे आणि या अवस्थेत पुढची कोणतीही तपासणी खोटी ठरेल. आधी चार्जरवर पूर्ण चार्ज करा, काही तास राहू द्या, मग परत मोजा.

आता खरी परीक्षा. मीटर खुंटांवरच ठेवा. इंजिन पकडू नये म्हणून इग्निशन निकामी करा: पॉइंटच्या गाडीत (डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडझाप करणारे पॉइंट असलेल्या) कॉइलच्या पॉझिटिव्हची बारीक वायर काढा, इंजेक्शनच्या गाडीत फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, डिझेलमध्ये पंपावरच्या स्टॉप सॉलेनॉइडची (डिझेल बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) वायर काढा. इंजेक्शनच्या गाडीत लाइनमध्ये उरलेल्या प्रेशरवर इंजिन एकदा पकडून बंद पडेल, त्यानंतर मोजायला घ्या. मदतनिसाला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. सौम्य हवामानात व्होल्टेज ९.६ च्या वर टिकायला हवं. पूर्ण चार्ज असूनही ते ९ च्या खाली आपटत असेल, तर एकतर बॅटरी संपलीय किंवा सेल्फ गरजेपेक्षा जास्त करंट ओढतोय. यातलं कोणतं, हे कळायला ओळखीची चांगली बॅटरी लावून तेच मोजा. आकडा सुधारला तर दोष तुमच्या बॅटरीत. नाही सुधारला तर टप्पा ५.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक सेल पाहा. पूर्ण चार्ज सेल १.२६५ ते १.२८० दाखवतो. एकच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी टिकणार नाही. पाण्याची पातळी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, ॲसिड नाही.

सावधान: सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा. लांबलचक सेल्फ मारल्याने सेल्फच्या आतली वाइंडिंग जळते आणि मग एकाऐवजी दोन दोष शोधावे लागतात.

## टप्पा ४: टर्मिनल, केबल आणि अर्थिंग

सर्वात जास्त चुकीची निदानं इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

सेल्फ फिरताना शंभरावर अँपिअर करंट वाहतो. एवढ्या करंटला जोडातला किंचितसा अडथळाही पुरतो. तीच वायर हेडलाइटला मात्र झकास करंट देते, कारण हेडलाइटला थोडे अँपिअर पुरतात. म्हणून "दिवे लख्ख लागतात, मग जोड ठीकच असणार" हा तर्क इथे चालत नाही. ओहम मोजूनही काही कळत नाही. केबलच्या शंभर तारांपैकी एकच शिल्लक असली तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो.

खरी पद्धत व्होल्टेज ड्रॉपची, म्हणजे करंट वाहताना जोडात किती व्होल्ट वाया जातात ते मोजण्याची. इग्निशन निकामीच ठेवा आणि मीटर व्होल्टवर ठेवा.

पॉझिटिव्ह बाजू: मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटावर, दुसरं सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. सेल्फ मारा. ०.५ व्होल्टपर्यंत चालेल, त्याहून जास्त म्हणजे वाटेत कुठेतरी अडथळा आहे.

निगेटिव्ह बाजू: एक टोक निगेटिव्ह खुंटावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ, रंग नसलेल्या धातूवर. सेल्फ मारा. ०.३ व्होल्टच्या आत हवं. इथे १ व्होल्ट दिसला तर निदान झालंच.

आकडा वाईट आला तर टोकं जवळ-जवळ आणत जा: खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं टोक, केबल ते बॉडी, बॉडी ते इंजिन. ज्या जोडावर आकडा उडी मारतो, तो दोषी.

तो जोड उघडून पाहाल तेव्हा बाहेरून चकचकीत वाटणाऱ्या क्लॅम्पच्या आतल्या बाजूला राखाडी-काळा पापुद्रा दिसेल, बोटाला पावडर लागेल. पांढरा-हिरवा फुलोरा दिसतो म्हणून लोक तो पुसतात. खरी अडवणूक हा न दिसणारा पापुद्राच करतो. खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू दोन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, घट्ट बसवा आणि त्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावा. जोडण्याआधी आत जेली भरू नका. अर्थिंगची पट्टी जिथे बॉडीला बसते तिथला रंग आणि गंज खरवडून उघडा धातू काढा. केबलच्या टोकाशी इन्सुलेशन फुगलेलं किंवा कडक झालेलं असेल तर आत तांबं हिरवं पडलंय, ती केबल बदलायचीच.

आता एक सापळा. जंप लावताना निगेटिव्ह जंप केबल इंजिनच्या धातूला लावावी, असा बरोबर सल्ला दिला जातो. पण तसं केल्यावर तुमची बॅटरी आणि तुमची गंजलेली अर्थिंग पट्टी, दोन्ही एकाच वेळी बाजूला पडतात. गाडी चटकन स्टार्ट होते आणि आळ येतो बिचाऱ्या बॅटरीवर. म्हणून आधी हे करा: दुसरी बॅटरी न आणता फक्त एक जंप केबल घ्या. आधी इंजिनच्या धातूला लावा, मग दुसरं टोक तुमच्याच बॅटरीच्या निगेटिव्ह क्लॅम्पला. सेल्फ मारा. आधी रडणारा सेल्फ आता जोमात फिरला तर बॅटरीला हात लावू नका, अर्थिंग दुरुस्त करा.

## टप्पा ५: सेल्फ

हेडलाइट लावून चावी फिरवा आणि दिव्यांकडे पाहा.

दिवे जवळजवळ विझतात: बॅटरी किंवा जोड कमकुवत. टप्पे ३ आणि ४ मध्ये सगळं ठीक निघालं असेल तर सेल्फ आतून जाम आहे किंवा इंजिनच फिरत नाहीये.

कट-कट-कट असा भराभर आवाज: बॅटरी उतरलीय किंवा जोड सैल आहे. सॉलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकीय स्विच) ओढला जातो, व्होल्टेज पडतं, तो सुटतो, आणि हे चक्र सुरू राहतं. सेल्फ बदलून हा आवाज जाणार नाही.

एकच ठसठशीत टक् आवाज आणि दिवे तसेच लख्ख: सॉलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा सेल्फचे कार्बन ब्रश संपलेत. सेल्फ उतरवायचा तो अशा वेळी.

काहीच आवाज नाही, दिवे लख्ख: सॉलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाहीये. सॉलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर टेस्ट लॅम्प लावून चावी फिरवा. लॅम्प पेटला तर दोष सॉलेनॉइडमध्ये किंवा सेल्फमध्ये. नाही पेटला तर मागे या: इग्निशन स्विच, स्टार्टर रिले, ऑटोमॅटिक गाडीतला न्यूट्रल स्विच, काही गाड्यांत क्लच पॅडलचा स्विच. ऑटोमॅटिक गाडी P ऐवजी N मध्ये टाकून पाहा. तिथे स्टार्ट झाली तर स्विच सापडला.

घर्रर्र आवाज येतो, सेल्फ फिरतो पण इंजिन फिरत नाही: बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक इंजिनाशी जोडणारा भाग) घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात झिजलेत.

सेल्फला दोष देण्याआधी इंजिन हाताने फिरतं का बघा. इग्निशन बंद ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावा आणि इंजिनच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. अजिबात हललं नाही तर प्लग काढून पुन्हा प्रयत्न करा. प्लग काढल्यावर फिरलं आणि भोकातून पाणी किंवा पेट्रोल उडालं तर सिलिंडरमध्ये द्रव भरलाय. त्यावर सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

थंड असताना ठीक आणि गरम झाल्यावर सेल्फ जड, हा प्रकार सायलेन्सरच्या पाइपाला चिकटून बसलेल्या सेल्फमध्ये नेहमी दिसतो. गरम असतानाच टप्पा ४ मधला ड्रॉप मोजा. केबल ठीक निघाल्या तर सेल्फच्या बुश आणि ब्रशकडे वळा.

## टप्पा ६: स्पार्क

इथपासून टप्पा ९ पर्यंतचं सगळं प्रकार इ आणि ई साठी, म्हणजे सेल्फ जोमात फिरतो पण इंजिन पकडत नाही किंवा पकडून बंद पडतं. निकामी केलेलं इग्निशन किंवा काढलेला फ्यूज आता परत जोडा.

प्लगच्या वायरी काढण्याआधी प्रत्येकीवर नंबर लिहून ठेवा. चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत फायरिंग ऑर्डर १-३-४-२ असते, काहींत १-२-४-३. एक वायर चुकीच्या जागी बसली तर नवाच दोष तयार होतो.

स्पार्क टेस्टर एका प्लगच्या वायरीला लावून त्याचा क्लिप इंजिनच्या धातूला लावा, प्लगच्या भोकापासून लांब. सेल्फ मारा. निळसर, चटचट आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळा-नारिंगी, बारीक, मधूनच चुकणारा असेल तर तो उघड्या हवेत दिसला तरी सिलिंडरच्या दाबात टिकणार नाही.

स्पार्क ठीक असेल तर प्लग बाहेर काढून त्यांच्याकडे पाहा. बरंच सेल्फ मारूनही प्लग कोरडे असतील तर पेट्रोल पोचत नाहीये. पेट्रोलने ओले असतील तर पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये, किंवा इंजिन ओव्हर झालंय (आत पेट्रोल जास्त झालंय). काळी कोरडी काजळी म्हणजे मिश्रण सतत गडद, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. तेलकट काळेपणा म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह गाइड झिजलेत. गॅप मॅन्युअलप्रमाणे ठेवा. पॉइंटच्या गाड्यांत तो बहुधा ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतो.

स्पार्क नसेल तर हा क्रम:

१. टेस्ट लॅम्पचा क्लिप बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, टोक कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलवर. सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट किंवा मॉड्यूल (पॉइंटच्या जागी असणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) काम करतंय, दोष पुढे म्हणजे कॉइल, कॅप, रोटर किंवा वायरी यांत आहे. लुकलुकला नाही तर दोष मागे आहे. मॅन्युअलने मनाई केली असेल तर इलेक्ट्रॉनिक इग्निशनवर साध्या बल्बचा लॅम्प वापरू नका, एलईडीचा घ्या.

२. पॉइंटची गाडी असेल तर इग्निशन चालू करून पॉइंट बंद अवस्थेत कॉइलच्या निगेटिव्हवर व्होल्टेज मोजा. जवळजवळ शून्य हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर पॉइंटचे मुख जळालेत किंवा डिस्ट्रिब्युटरच्या आतली अर्थिंगची बारीक वायर तुटत आलीय. ती वायर इन्सुलेशनच्या आत तुटते आणि बाहेरून शाबूत दिसते. बोटाने ओढून पाहा, रबरासारखी ताणली गेली तर आत तांबं नाही. पॉइंटचा गॅप कॅमच्या उंचवट्यावर मोजा, बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटर. मुखावर एकीकडे खड्डा आणि दुसरीकडे टेंगूळ असेल तर कंडेन्सरही बदला.

३. कॅप काढून उजेडात तिरकी धरा. आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी नागमोडी रेघ दिसली तर स्पार्क तिथून पळतोय. कॅप बदला, घासून ती रेघ जात नाही. मधला कार्बनचा बटण आणि त्याची स्प्रिंग जागेवर आहे का तेही बघा.

४. अंधारात बॉनेट उघडून, हात लांब ठेवून सेल्फ मारा. वायरींवर निळे तंतू चमकले तर इन्सुलेशन संपलंय. दमट हवेत रुसणाऱ्या गाड्यांत हे फार सापडतं.

तपासा: चावी पूर्ण फिरवलेली असेपर्यंत इंजिन पकडतं आणि चावी सोडताक्षणी मरतं? मग पेट्रोलकडे जाऊ नका. बॅलास्ट रेझिस्टर (इंजिन चालू असताना कॉइलचा करंट कमी ठेवणारा) तुटलाय किंवा इग्निशन स्विचचा चालू स्थितीतला कॉन्टॅक्ट गेलाय. सेल्फ मारताना रेझिस्टर बाजूला ठेवून कॉइलला थेट करंट मिळतो, म्हणून तेवढाच वेळ इंजिन चालतं.

सावधान: इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत कॉइलची जाड वायर काढून लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. मॉड्यूल जळू शकतं.

## टप्पा ७: पेट्रोल

कार्ब्युरेटरची गाडी. एअर फिल्टर काढा, इंजिन बंद ठेवा. टॉर्चने कार्ब्युरेटरच्या घशात पाहत थ्रॉटल हाताने झटकन उघडा. पेट्रोलची बारीक, ठाम धार दिसायला हवी. दिसली तर बाउलमध्ये (कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी) पेट्रोल आहे. एसयूसारख्या (SU) कार्ब्युरेटरमध्ये ही धार सोडणारा ॲक्सिलरेटर पंप नसतो, तिथे ही धार शोधत बसू नका, बाउलचं झाकण उघडून पातळी पाहा.

धार नसेल तर पंपाची बाहेर जाणारी नळी काढून बरणीत सोडा, इग्निशन निकामी करा आणि सेल्फ मारा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात पडायला हवं. थेंबथेंब येत असेल तर फिल्टर, टाकीतली जाळी किंवा पंपाचा डायफ्रॅम. बाउल रात्रभरात रिकामा होतो का, हेही याच वेळी कळेल: सकाळी धार नाही, थांबून-थांबून एकूण पंधरा सेकंद सेल्फ मारल्यावर धार आली, आणि मग गाडी लगेच स्टार्ट झाली, तर दोष इग्निशनमध्ये नाहीच. पेट्रोल बाउलमधून उडतंय, झिरपतंय किंवा नळीतून मागे टाकीत जातंय.

चोक (थंड इंजिनासाठी कार्ब्युरेटरची हवा अडवणारी पाकळी): थंड इंजिनात पाकळी जवळजवळ पूर्ण बंद हवी, गरम झाल्यावर सरळ उभी. केबल ओढली की पाकळी खरंच हलते का, हे डोळ्यांनी पाहा. ऑटोमॅटिक चोक असेल तर स्टार्ट करण्याआधी ॲक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडावा लागतो, नाहीतर तो लागतच नाही.

इंजिन ओव्हर झालं असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर चोक उघडा, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून तसाच धरा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. पंप करू नका. प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं, आणि गाडी रुसल्यावर लोक नेमकं हेच करतात.

इंजेक्शनची गाडी. चावी चालू स्थितीत द्या, सेल्फ मारू नका. मागून साधारण दोन सेकंद पंपाची गुणगुण ऐकू यायला हवी. नाही आली तर फ्यूज, रिले, आणि पंपाच्या कनेक्टरवर करंट, याच क्रमाने पाहा.

गुणगुण येते पण सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागतो? चावी चालू-बंद तीन वेळा करा, प्रत्येक वेळी दोन-तीन सेकंद थांबा, मग सेल्फ मारा. आता चटकन पकडलं तर रात्रभरात लाइनचं प्रेशर उतरतंय. पंपातला चेक व्हॉल्व्ह, गळका इंजेक्टर किंवा प्रेशर रेग्युलेटर, यांपैकी एक. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी ओढून पाहा. ती पेट्रोलने ओली असेल तर आतला डायफ्रॅम फाटलाय.

थंडीत इंजिन पकडत नाही पण गरम झाल्यावर ठीक, किंवा याच्या उलट असेल, तर कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासा. बहुतेक सेन्सर २० अंशांना २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना काहीशे ओहम दाखवतात. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर बहुधा वेगळा असतो. काटा ठीक म्हणून हा ठीक, असं समजू नका. गरम इंजिनात स्पार्क आणि इंजेक्टरचे ठोके दोन्ही एकदम गायब होत असतील तर क्रँक सेन्सर. ॲक्सिलरेटर थोडा दाबला तरच पकडत असेल तर थ्रॉटल बॉडीत कार्बन साचलाय किंवा आयडल व्हॉल्व्ह अडकलाय.

सावधान: इंजेक्शनच्या लाइनमध्ये बहुतेकदा २.५ ते ३ बार प्रेशर असतं. ते सोडवल्याशिवाय नळी उघडू नका. पेट्रोलचं काम मोकळ्या हवेत, थंड इंजिनावर, आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करा.

## टप्पा ८: जुनं डिझेल इंजिन

सेल्फ मारताना मागे कोणाला तरी उभं करा. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाहीये: हीटर प्लग (स्टार्टच्या आधी सिलिंडर तापवणारे), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) किंवा पंपाचं टायमिंग. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाहीये.

हीटर प्लगची पट्टी काढून प्रत्येक प्लग ते इंजिन असा ओहम मोजा. चांगला प्लग साधारण १ ते २ ओहमच्या आत दाखवतो, मेलेल्यात सर्किट तुटलेलं (OL) दिसतं. पट्टी परत लावून चावी दिल्यावर तिच्यावर बॅटरीइतकं व्होल्टेज येतं का, हेही मोजा. प्लग चांगले आणि रिले मेलेला, असं बरेचदा असतं.

डिझेल पोचत नसेल तर आधी पंपावरचा स्टॉप सॉलेनॉइड चावी दिल्यावर टक् वाजतो का ऐका. मग पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. बुडबुडे दिसले तर लाइन हवा धरतेय. फिल्टरची रबरी रिंग, हँड प्रायमर आणि परतीच्या बारीक नळ्या हे नेहमीचे संशयित.

सावधान: हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे कधीही मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडकतो आणि पिस्टन फोडू शकतो.

## टप्पा ९: कॉम्प्रेशन

स्पार्क आहे, पेट्रोल आहे, तरी इंजिन पकडत नाही, तेव्हाच इथे या. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसुरी फिरत असेल, ठोक्यांचा चढउतार ऐकू येत नसेल, तर थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. कव्हर उघडून पाहिल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारू नका.

बेल्ट शाबूत असेल तर सगळे प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोल निकामी करा, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेज लावून काटा स्थिर होईपर्यंत सेल्फ मारा. पेट्रोल इंजिनात साधारण ९ ते १२ बार येतं. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. एखादा बाकीच्यांपेक्षा पंधरा टक्क्यांहून खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन खाली असतील तर हेड गॅस्केट. हेड उघडण्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स मात्र तपासा. तो कमी झाल्याने व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि ते फीलर गेजने अर्ध्या तासात सुधारता येतं. डिझेलचं कॉम्प्रेशन फार जास्त असतं, त्याला वेगळा गेज लागतो.

## टप्पा १०: बॅटरी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर

इंजिन चालू करून थोडा रेस द्या आणि बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. हेडलाइट लावूनही १३.२ च्या खाली जायला नको. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरी उकळवतोय.

चार्जिंग ठीक असूनही दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरते, तर कुठेतरी करंट गळतोय. सगळं बंद करा, बॉनेटचा बल्ब काढा, दारं लावा. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून निगेटिव्ह खुंट आणि काढलेली निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये जोडा. अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरपर्यंत चालेल, नुसतं घड्याळ असलेल्या जुन्या गाडीत त्याहून बरंच कमी हवं. ५०० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला १२ अँपिअर-अवर गळतायत, म्हणजे मध्यम आकाराची बॅटरी दोन दिवसांत सेल्फला नाही म्हणेल.

आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा कोसळतो, त्या सर्किटमधली प्रत्येक वस्तू वेगळी करून पाहा: डिकीचा दिवा, नंतर बसवलेला म्युझिक सिस्टिम, अलार्म. सगळे फ्यूज काढूनही आकडा तसाच असेल तर अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) जाड वायर काढा, पण त्याआधी मीटर बाजूला करा, निगेटिव्ह केबल मोकळी ठेवा, आणि वायरीचं टोक टेपने झाका. मग मीटर परत जोडा. आकडा पडला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय.

मीटर असा मधे जोडलेला असताना चावी फिरवू नका, दारही उघडू नका. सेल्फचा करंट मीटरमधून गेला तर त्याचा फ्यूज उडेल, आणि पुढच्या वेळी तो शून्य दाखवून तुम्हाला गळती नाही असं सांगेल.